साहेब बसलेत, प्रस्तावना घ्या!

मुलांनो, सकाळी उठल्यावर आपण काय करतो?

तोंड धुतो. कशाने? पाण्याने. पाणी कुठून येतं? नळातून. नळाला कुठून? टाकीतून. टाकीत कुठून? नदीतून. शाब्बास! तर आज आपण 'नद्यांचे महत्त्व' हा घटक अभ्यासणार आहोत. फळ्यावर शीर्षक, शीर्षकाखाली रेघ, मागच्या बाकावर तपासणीला बसलेल्या साहेबांच्या वहीत बरोबरची खूण.

याला प्रस्तावना म्हणतात. मुलांच्या मनात विषयाची गोडी निर्माण करण्याची ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे. गोडी निर्माण झाली का, हे मुलांना कोणी विचारत नाही. शास्त्रात ती पायरी नाही.

आता हाच पाठ कोल्हापूरच्या कसबा बावड्यात घेऊन बघा. जुलैचा शेवटचा आठवडा, बाहेर धो धो. "नळाला पाणी कुठून येतं?" म्हटलं की तिसऱ्या बाकावरचं एखादं पोरगं उठणार आणि सांगणार, "बाई, नळाला पाणीच न्हाई की!"

पोरगं उद्धट नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कोल्हापुरात नेमकं हेच झालं. पंचगंगा शहरात शिरली, नदीकाठची पाणी उपसा केंद्रं बुडाली, आणि गल्ल्यांतून बोटी फिरत असताना घरातले नळ कोरडे पडले. दारात पूर आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट.

दारात एवढं पाणी आणि नळात थेंब नाही. असं का?

भूगोलाच्या तासाला याहून झकास सुरुवात कुठल्या तज्ज्ञाला सुचेल? सुचायची गरजच नाही, पोरगं ती घरून घेऊन आलंय. पण पाठाच्या टाचणात अपेक्षित उत्तर 'टाकीतून' असं लिहिलंय. मग बाई म्हणतात, "बस खाली. दुसरं कोण सांगेल?"

दुसरं कोणीतरी सांगतं. टाकी येते, नदी येते, शीर्षक येतं. साहेब खूश.

ही प्रस्तावना आली कुठून? थेट जर्मनीतून. योहान फ्रिडरिश हर्बार्ट, जन्म 1776, मृत्यू 1841. क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात कांटने गाजवलेलं अध्यासन 1809 मध्ये याच्याकडे आलं. त्याचं म्हणणं साधं होतं. मुलाच्या डोक्यात आधीचं काय आहे ते बघा आणि नवं त्याला जोडा. त्यासाठी त्याने पायऱ्या सांगितल्या चार. त्सिलर आणि राइन या चेल्यांनी त्यांच्या केल्या पाच. आपल्या अध्यापक विद्यालयांत ती झाली 'हर्बार्टची पंचपदी'.

चार त्याच्या, पाच चेल्यांच्या. रकाने मात्र अस्सल आपले.

हर्बार्टला मुलाच्या डोक्यात डोकवायचं होतं. आपण टाचणाच्या वहीत डोकावतो. 'पूर्वज्ञान' नावाचा रकाना मुलाला भेटण्याआधी, आदल्या रात्री, जेवणं उरकल्यावर भरला जातो. तिथे लिहितात, 'विद्यार्थ्यांना नदी माहीत आहे.'

बावड्याच्या पोराला नदी माहीत आहे! काय शोध लावलाय.

पंचगंगेची पातळी मोजतात ती राजाराम बंधाऱ्यावर, म्हणजे याच पोराच्या गावात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पावसाळ्यात भगव्या चौकातल्या चहावाल्यापासून ते शिये रस्त्याच्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा. अपूर्णांक जमत नाहीत म्हणून वर्गात ओरडा खाणारा हा मुलगा घरी फूट आणि इंच बिनचूक सांगतो. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, हे त्याला पाठ करायला कोणी लावलेलं नाही.

त्याला विचारा, पाणी 39 वर आहे, तासाला तीन इंच चढतंय, तर धोक्याला कधी टेकेल? चार फूट म्हणजे 48 इंच, भागिले तीन. 16 तास. म्हणजे आजीला आणि म्हशीला हलवायला एक अख्खी रात्र हातात आहे. या गणितात उत्तर चुकलं तर लाल रेघ येत नाही, पाणी येतं. पोरगं पुन्हा पुन्हा तपासून बघेल.

शाळेच्या गणितात मात्र पिढ्यान्‌पिढ्या एक हौद दोन नळांनी भरतोय. तो हौद कोणाचा, एवढं पाणी कशाला लागतं आणि खालची तोटी उघडी कोणी ठेवली, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना गणितात रसच नाही.

रस कुठे आहे ते बघायचं असेल तर सुट्टीत मैदानावर जा. ज्याचं 'वर्गात लक्ष नसते' असा शेरा प्रगतिपुस्तकात आहे, तो तालमींच्या फुटबॉल सामन्यातला गोल कोणी, कुणाच्या पासवर, कितव्या मिनिटाला मारला हे सांगतो. लक्ष आहे. पत्ता वेगळा आहे.

हा पत्ता शिक्षकाला कसा सापडणार? त्याचं प्रशिक्षण बघा. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन असतं. 1963 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला निघालेली ही पद्धत आपण आणली, भारतीय केली, तिचं वेळापत्रक बसवलं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं अभिप्राय घ्या, बारा मिनिटांत नव्याने आखा, पुन्हा सहा, पुन्हा सहा. एकूण 36 मिनिटांत एक कौशल्य हाताखालून जातं. त्यातलं एक कौशल्य म्हणजे पाठाची प्रस्तावना.

समोर विद्यार्थी कोण? बी.एड.चेच सहाध्यायी. शिकवणारा पंचविशीचा, 'इयत्ता सहावी'तली मुलंही पंचविशीची. काहींच्या बोटात साखरपुड्याची अंगठी. "आकाशात रात्री काय दिसतं?" म्हटलं की ही सहावी एका सुरात "चांदण्या" म्हणते, कारण दहा मिनिटांनी आपलीही पाळी आहे आणि आपल्यालाही असंच सांभाळून घेणारं कोणीतरी हवं आहे.

उत्तरं माहीत असलेल्यांना विचारून जो प्रस्तावना शिकला, तो पुढे तीस वर्षं उत्तरं माहीत असलेल्यांनाच विचारतो. ते पहिल्या बाकावर बसतात.

बरं, सरकार गप्प बसलंय म्हणाल, तर अजिबात नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगितलं, पुस्तकातलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगाशी जोडा. दहा वर्षांनी आपल्याकडे, मूल स्वतःच ज्ञान रचतं म्हणणाऱ्या ज्ञानरचनावादाचं वारं आलं. साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या शाळांनी खरोखर काम करून दाखवलं, म्हणून राज्यभरातले शिक्षक गाड्या करकरून ते बघायला गेले. बघितलं काय? फरशीवर रंगवलेल्या चौकटी आणि गोल. परत येऊन काय केलं? फरशा रंगवल्या.

ज्ञानरचनावादाचा रंग तैलरंग निघाला. वर्षभर टिकला.

मग 2024 ला 'आनंददायी शनिवार' आला. कल्पनेत वाईट काही नाही. फक्त एक शंका आहे. आठवड्यातला एक वार आनंदाचा म्हणून जाहीर केला, तर उरलेले पाच वार कशाचे?

मधल्या काळात भिंतीवर मोठा पडदा आला, पुस्तकात क्यूआर कोड आले. आता प्रस्तावनेला चित्रफीत लागते. ज्वालामुखी फुटतो, लाव्हा वाहतो, मुलं "ओऽऽ" करतात. पडदा बंद होतो. "आता पान 42 काढा." "ओऽऽ" तिथेच संपतो. डोळे पडद्याकडे वळले याला आपण गोडी लागली असं धरतो. डोळे तर कावळा खिडकीत बसला तरी वळतात.

जॉन डेवी नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1913 मध्येच बजावलं होतं, की एखादी गोष्ट मुद्दाम रंजक करावी लागते तेव्हा मुळात रसाचाच पत्ता नसतो. आपण हे शतकभर पाठ केलं. परीक्षेला आलं की दहा गुण मिळतात.

बावड्यात मिसळीच्या दुकानाबाहेर कोणी प्रस्तावना घेत नाही. कटाचा वास येतो आणि माणूस आपोआप आत वळतो.

मग तो वास वर्गात आणायचा कसा? जॉर्ज लोवेनस्टाइन नावाच्या संशोधकाने 1994 मध्ये उत्सुकतेची मांडणी केली. थोडं माहीत आहे आणि थोडं नाही, या दोहोंमधली फट माणसाला छळते आणि ती बुजवायला तो धडपडतो. काहीच माहीत नसेल तर छळ नाही. सगळं माहीत असेल तरी नाही. आपल्या मालिकावाल्यांना हे 1994 च्या आधीपासून कळतं. दार उघडतं, सासू वळते आणि नेमकी जाहिरात लागते.

आपली प्रस्तावना काय करते? फट पडायच्या आत बुजवते. पाच प्रश्न, पाच उत्तरं, शीर्षक फळ्यावर. तास सुरू होण्याआधीच रहस्य संपलं. उरलेली 30 मिनिटं नुसती उतरवून घ्यायची.

वर्गात फट पाडायची तर कोल्हापुराएवढं सोयीचं गाव नाही. पंचगंगा म्हणजे पाच नद्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. मोजा. चारच झाल्या. पाचवी कुठे गेली? पोरं म्हणतील, सरस्वती, ती गुप्त आहे. गुप्त म्हणजे कुठे? जमिनीखाली आहे? आटली? की कधी नव्हतीच? मग पाच म्हणायचं कोणी ठरवलं आणि कशासाठी?

झाला की नाही तास सुरू? इतिहास, भूगोल आणि घरातल्या आजीशी भांडण, तिन्ही एकदम.

किंवा राधानगरी घ्या. पावसाळ्यात पेपरात बातमी असते, धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. सात दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपले आपण उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. मग ही दारं उघडतं कोण? विज्ञानाच्या तासाला एवढा एकच प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं.

गप्प बसायचं! इथेच घोडं अडतं. टाचणात 'शिक्षक कृती' आणि 'विद्यार्थी कृती' असे रकाने आहेत. 'शिक्षक गप्प बसतो' ही कृती साहेबांना कशी दाखवायची?

आता इतिहास. राजर्षी शाहूंचा जन्म 26 जून 1874, लक्ष्मी विलास पॅलेस, कसबा बावडा. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि पंधरवड्यात जयंती येते. बावड्याच्या शाळेत प्रस्तावना ठरलेली आहे. "आपल्या गावात कोणत्या थोर पुरुषाचा जन्म झाला?" सगळे एका सुरात, "शाहू महाराज!" शाब्बास. पोरं तिथून पुढे अर्धा तास भाषण सोसतात.

तेच असं विचारा. तुझ्याच वयाचा, तुझ्याच गावातला एक मुलगा होता. यशवंत घाटगे. जेमतेम दहा वर्षांचा. 1884 च्या मार्चमध्ये त्याला दत्तक दिलं. नाव बदललं, घर बदललं आणि हा झाला कोल्हापूरचा राजा. तू असतास तर गेला असतास का?

वर्ग दुभंगतो. अर्धे राजा व्हायला तयार. अर्धे म्हणतात, आईबापाला सोडून कोण जाईल? एक जण विचारतो, "घरला परत यायला मिळायचं का?" बाईंना लगेच उत्तर सांगता येत नाही. ते शोधावं लागतं.

बाईंना माहीत नाही, असा प्रश्न! हीच ती गोडी. पण ही गोडी व्यवस्थेला धोक्याची वाटते. 43 फुटांच्या वरची.

याच शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया, चांगलाच झोंबणारा. मूल शाळेत आलं आणि कंटाळून गेलं, तर दंड कोणी भरायचा? ते कलम तेवढं राहून गेलं. घातलं असतं तर आज शिक्षण खात्याकडे भरायला पैसे उरले नसते.

शेकडेवारीचं घ्या. पुस्तकातला दुकानदार 20 टक्के नफ्याने खुर्ची विकतो. विकू दे. बावड्यातच छत्रपती राजाराम कारखाना आहे. ज्या घरात ऊस आहे, त्या घरातल्या पोराने उतारा आणि एफआरपी हे शब्द बाराखडीच्या आधी ऐकलेत. उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, एफआरपी म्हणजे उसाला सरकारने ठरवलेला किमान दर. हा दर ठरतो 10.25 टक्के उताऱ्याला. वर चढलेल्या दर 0.1 टक्क्याला क्विंटलमागे तीन रुपयांहून जास्त मिळतात. आता सांग, उतारा अर्ध्या टक्क्याने कमी धरला आणि तुमचा ऊस 80 टन, तर घरात किती कमी आले? तीन रुपये धरले तरी 12 हजार.

दिवाळी गेली! शेकडेवारी कशाला शिकायची, हे त्या पोराला पुन्हा सांगावं लागणार नाही.

पण बाई हे उदाहरण घेणार नाहीत. कारखान्याचं नाव वर्गात काढलं की दोन गट पडतात आणि संध्याकाळी दोन्ही गटांचे पालक फाटकावर येतात. खुर्ची विकणाऱ्या दुकानदाराला गट नाही. म्हणून तो पुस्तकात टिकून आहे.

हे सगळं कोल्हापुरात कोणी केलंच नाही, असं समजू नका. कादंबरीकार ना. सी. फडक्यांच्या कन्या लीला पाटील यांनी शिक्षकांना शिकवण्याचं काम केलं आणि 1985 मध्ये कोल्हापुरातच 'सृजन आनंद विद्यालय' काढून मुलांच्या भोवतालातून शिकवता येतं हे दाखवून दिलं. शिवाय ते पुस्तकांतून लिहूनही ठेवलं. आम्ही त्यांचा फार आदर करतो. पुस्तकं शाळेच्या कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे. किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे.

त्याही आधी ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या आदिवासी पट्ट्यात बघितलं, की पोरं शाळेत येत नाहीत कारण त्यांना गुरं राखायची असतात. बाईंनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. तिथल्या पाठाची प्रस्तावना काय?

गाय. समोर उभी.

याच जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात जन्मलेले जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य सचिव झाले आणि 1966 मध्ये देशाच्या शिक्षणाचा आराखडा देऊन मोकळे झाले. म्हणजे दंड लावणारा राजा आमचा, आराखडा लिहिणारा माणूस आमचा, शाळा काढून दाखवणाऱ्या बाईही आमच्याच. कोल्हापूरकर म्हणणारच, जगात भारी! वर्गात मात्र अजून, "मुलांनो, सकाळी उठल्यावर आपण काय करतो?"

यात बाईंचा दोष किती? त्या सकाळी उठल्यावर काय करतात ते विचारा. मतदार यादीचं काम, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, तिचा फोटो, फोटोचा फोटो. दोन-तीन व्हॉट्सॲप गटांवर 'तातडीचे' संदेश. पाठात रस निर्माण करा असं ज्यांना सांगायचं, त्यांचा स्वतःचा रस अकराच्या आत पिळून झालेला असतो. चिपाडाला गोडीवर भाषण कशाला?

आणि साहेब? साहेबही एकेकाळी शिक्षकच होते. त्यांनीही प्रस्तावना घेतल्या, त्यांच्याही मागे कोणी साहेब बसले होते. आज त्यांच्या हातात तपासणीचा तक्ता आहे. 'प्रस्तावना समर्पक होती का? होय / नाही.' 'हेतुकथन केले का? होय / नाही.' 'फलकलेखन सुवाच्य होते का?' सगळे प्रश्न बाईंविषयी. मुलांनी काय विचारलं, याला तक्त्यात जागा नाही.

पाहणारा ज्या बाकावर बसतो, त्या बाकाकडे तोंड करून नाटक होतं. साहेब मागे बसतात, प्रस्तावना मागच्या बाकासाठी होते. मधल्या पाच रांगांत पोरं असतात, एवढंच.

यावर उपाय एका ओळीचा आहे. तक्त्यातले सगळे रकाने खोडा आणि एकच ठेवा. 'आज मुलांनी कोणते प्रश्न विचारले?' बाईंनी काय विचारलं ते नको. पोरांनी. साहेबांनी ते ऐकावेत, जसेच्या तसे उतरवावेत, न्हाई-व्हयसकट. ज्या तासाला रकाना कोरा, त्या तासाची प्रस्तावना नापास, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं असलं तरी.

पटलं ना? उद्या परिपत्रक निघू शकतं. निघालंच, तर पुढच्या आठवड्यापासून काय होईल तेही सांगून ठेवतो. आदल्या रात्री, जेवणं उरकल्यावर, टाचणाच्या वहीत नवा रकाना भरला जाईल. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्तपणे विचारावयाचे प्रश्न: 1, 2, 3.' आणि कोणता प्रश्न कोणत्या पोराने विचारायचा, तेही बाई सकाळी परिपाठाच्या वेळी वाटून देतील.